टक्

किल्ली फिरवली की एकच आवाज यायचा. टक्. त्यानंतर काही नाही. डॅशबोर्डवरचे दिवे मात्र लखलखीत, हॉर्न शेजारच्या गल्लीतली कुत्री उठवेल इतका खणखणीत, हेडलाइट समोरच्या भिंतीवर पांढरेशुभ्र. फक्त गाडी चालू होत नव्हती.

ही गोष्ट ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतली, गेल्या नाताळातली. तिथे माझी मावशी राहते. आमचं सगळं गणगोत वसईत. एकटी मावशीच तिकडे. १९९४ साली तिने ग्वाल्हेरच्या एका मराठी माणसाशी लग्न केलं. माणूस मराठी असला तरी आपल्या धर्मातला नव्हता, म्हणून आमच्या घरून लग्नाला कोणी गेलं नाही. नंतर राग निवला, फोन सुरू झाले. आई आणि मावशी फोनवर कादोडीत तासतासभर बोलतात. पण तिच्या घरी जाऊन राहायचं कोणाला सुचलंच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये काका गेले तेव्हा आई-पप्पा दोन दिवसांसाठी जाऊन आले, बस्स. मी काकांना आयुष्यात दोनदा भेटले, दोन्ही वेळा वसईतच, दोन्ही वेळा कोणाच्या तरी मयताला.

या वर्षी सेमिस्टर संपल्यावर मी आईला म्हटलं, नाताळला मी मावशीकडे जाते. कल्याणहून पंजाब मेल पकडली आणि दुसऱ्या दिवशी धुक्यात ग्वाल्हेरला उतरले. स्टेशनबाहेर बोर्ड हिंदी, रिक्षावाला हिंदी, आणि मावशीच्या गल्लीत शिरल्यावर एक आजोबा अस्सल मराठीत विचारतात, "कुणाकडे आलीस बाळ?" ग्वाल्हेरचं मराठी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. शिंद्यांबरोबर आलेली घरं, राजकवी भा. रा. तांबे, सगळं आपण अभ्यासक्रमात वाचतो. पण "अगं, ती गाडी चालूच होत नाहीये ना, परेशान करून सोडलंय" हे वाक्य मावशीच्या तोंडून ऐकल्यावर ते खरं कळतं.

तर गाडी. मारुती ८००, २००४ चं मॉडेल, पांढरी. पहिल्या मालकाने ती ग्वाल्हेरच्या मेळ्यातून घेतलेली. हा मेळा १९०५ पासून भरतो, आणि तिथे गाडी घेतली की करात सूट मिळते, म्हणून लोक वर्षभर थांबून मेळ्यात गाडी घेतात. काकांनी ती २००९ मध्ये ६१ हजार किलोमीटर झाल्यावर घेतली. मी पाहिली तेव्हा आकडा १ लाख ८७ हजारांच्या पुढे होता. कंपनीने हे मॉडेल बनवणं २०१४ मध्येच थांबवलं. पंधरा वर्षांनी रजिस्ट्रेशन संपतं, ते काकांनी २०१९ मध्ये वाढवून घेतलं, २०२४ मध्ये परत. दुसऱ्या वेळी फी सहाशेवरून पाच हजार झालेली होती, तरी भरली. एवढ्या पैशात लोक अशा गाडीचा नाद सोडतात.

काका गेल्यावर शेजारचे अंकल दर रविवारी गाडी दहा मिनिटं चालू करून ठेवायचे. पावसाळ्यानंतर ती टक् करू लागली. मावशीने नवी बॅटरी आणली. चार दिवस चालली, पुन्हा टक्. मग अंकलनी स्वतःची गाडी शेजारी लावून केबलने जोडून पाहिलं, लाल लालला, काळी काळीला. टक्. कोपऱ्यावरचा मिस्त्री आला, बोनेट उघडून, किल्ली फिरवून, अर्ध्या मिनिटात म्हणाला, "सेल्फ गया." सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. साडेतीन हजार आणि मजुरी वेगळी. शिवाय, "आंटी, इस गाडी में पैसा मत डालो." त्यानेच एक भंगारवाला पाठवला. भंगारवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली आणि बावीस हजार सांगितले.

मावशी मला म्हणाली, "नाताळपर्यंत बघते. नाही झाली तर देऊन टाकते. मला कुठे येते चालवता."

मी म्हटलं, मला येते. मी पप्पांच्या टेम्पोवर शिकले आहे. पप्पा आमच्या आणि शेजाऱ्यांच्या वाडीतली भाजी दादरला नेतात. त्या टेम्पोने मला आणखीही बरंच शिकवलंय, पण ते सांगितलं तर आपल्या मंडळातले लोक मला पुढच्या कवितावाचनाला बोलावणार नाहीत.

मावशीला ती गाडी कशासाठी हवी होती हे मला पहिल्या रात्री कळलं. डॅशबोर्डच्या खणात एक लांबट वही होती. काकांची. ते वीज मंडळात नोकरीला होते, सगळं लिहून ठेवायची सवय. तारीख, मीटरचा आकडा, पेट्रोल किती लिटर, भाव काय, काय दुरुस्त केलं. आणि दर रविवारपुढे एकच शब्द, "चर्च". मुरारचं चर्च दर्पण कॉलनीपासून फार लांब नाही, पण मावशीचे गुडघे दुखतात. काका तिला सोडायचे आणि मिस्सा संपेपर्यंत बाहेर गाडीतच पेपर वाचत बसायचे. आत कधी गेले नाहीत. मी मावशीला विचारलं, "तू बोलवायचीस का?" ती म्हणाली, "एकदा बोलवलं. म्हणाले, तू तुझं निवांत कर, मी इथे आहे." १५ वर्षांचे रविवार. नाताळच्या रात्रीची एक नोंद अशी होती : "रात्री १२. धुकं फार. हळू आलो." गेल्या वर्षी नाताळला मावशीने घरीच बसून मोबाईलवर मिस्सा पाहिला.

मी ती वही उशीपाशी घेऊन दोन वाजेपर्यंत वाचली. साहित्याची विद्यार्थिनी ना. मी फक्त "चर्च" शोधत पानं उलटत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांना फोन केला. पप्पांची पद्धत अशी की ते आधी उत्तर देत नाहीत, प्रश्न विचारतात.

"इंजिन फिरतं का?"

"नाही. टक् वाजतं फक्त."

"मग पेट्रोल, प्लग, पंप, काही बघू नकोस. फिरतच नाही तर ते नंतरचं."

हे इतकं सोपं आहे आणि तरी बहुतेक लोक इथेच चुकतात, म्हणून थोडं सांगते. बंद गाडीचे दोन प्रकार. एक, इंजिन घर्र घर्र फिरतं पण पेटत नाही. तिथे पेट्रोल नाही तरी किंवा ठिणगी नाही तरी. दुसरा, इंजिन फिरतच नाही. तिथे प्रश्न फक्त विजेचा : बॅटरी, वायर, सेल्फ. कधीमधी इंजिनच जाम असतं, पण ते क्वचित. टक् हा आवाज सेल्फवरच्या सोलेनॉइडचा. म्हणजे किल्लीचा निरोप सेल्फपर्यंत पोचतो. पुढे मोटर फिरवायला जो दणदणीत करंट लागतो, शंभर अँपिअरच्या आसपास, तो मिळत नाही.

"हेडलाइट लावून किल्ली फिरव. लाइट मंद होतात का?"

मी मावशीला समोर भिंतीकडे बघायला उभं केलं आणि किल्ली फिरवली. टक्. "जशाच्या तशा आहेत," मावशी म्हणाली.

पप्पा गप्प झाले. मग म्हणाले, "बॅटरी दमलेली असती तर लाइट विझायला आले असते. सेल्फ जाम असता तरी त्याने करंट खेचला असता, लाइट मंद झाले असते. इथे बॅटरीकडे कोणी काही मागतच नाहीये. मीटर आहे का घरात?"

वीज मंडळातल्या माणसाच्या घरात मीटर नसेल असं कसं होईल? काकांच्या पेटीत पिवळा मल्टिमीटर होता, वायरी नीट गुंडाळून रबर लावलेला. त्याच्या आतली नऊ व्होल्टची बॅटरी मेलेली. थाटीपूरच्या बाजारात जाऊन ती आणली, येताना गजक खाल्ली (ग्वाल्हेरला थंडीत गजक न खाणं हा गुन्हा आहे), आणि दुपारी कामाला लागलो.

लागलो म्हणजे मी आणि मावशी. कारण ही तपासणी एकट्याने होत नाही. एकाने किल्ली धरायची, दुसऱ्याने बोनेटमध्ये वाकून मीटर बघायचा. मावशीला म्हटलं, तू आत बस.

ती सवयीने डावीकडच्या दाराशी गेली.

"मावशी, तिकडे नाही. स्टिअरिंगवर."

"मी?" ती म्हणाली. "मी त्या बाजूने कधी चढलेच नाही गं."

सीट काकांच्या उंचीची होती, तिचे पाय पोचेनात. सीट पुढे ओढली तर खालून करकर आवाज आला, इतकी वर्षं ती एकाच जागी होती. हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला, डाव्या पायाने क्लच दाबायचा हे दाखवलं. तिने दोन्ही हातांनी किल्ली धरली, चर्चमध्ये मेणबत्ती धरावी तशी. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी बोनेटमध्ये डोकं घातलं.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. बॅटरीच्या दोन टोकांवर : १२.५. बॅटरी ठणठणीत. "मावशी, लाव." टक्. ११.६. चांगला सेल्फ जोर लावतो तेव्हा ही बॅटरी साडेदहापर्यंत तरी उतरली असती. म्हणजे पप्पा म्हणत होते ते बरोबर.

आता एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. "लाव." टक्. ०.२. लाल वायर चांगली आहे. तारेतून करंट जाताना दोन टोकांत जवळपास काहीच फरक दिसायला नको. फरक दिसला तर तेवढे व्होल्ट वाटेतच खर्च होतायत.

शेवटी एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. "लाव."

टक्. ६.३.

मला वाटलं मी चुकीचं वाचलं. "परत." ६.३. "परत." मावशी म्हणाली, "अगं, तिला त्रास होत नसेल ना?" ६.२.

पप्पांना आकडा सांगितला तर ते फोनवर हसले. "बारा व्होल्टमधले सहा तर परतीच्या वाटेवरच खाल्ले जातायत. सेल्फला उरलं काय, पाच? पाचावर तो कसा फिरेल? क्लचची केबल हाताने बघ, कोमट लागते का?"

लागत होती. खरंच कोमट. हे मला सर्वात नवलाचं वाटलं. करंटला प्लसमधून निघून मायनसला परत यावंच लागतं. सेल्फ इंजिनवर बसवलेला आणि इंजिन रबरी पायांवर, म्हणून इंजिनपासून बॉडीपर्यंत एक वेगळी पट्टी लावलेली असते, अर्थची. मिस्त्री तिला पट्टीच म्हणतात. ती पट्टी खराब झाली की करंट बिचारा मिळेल ती वाट धरतो. क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची तार, ज्यांचं हे कामच नाही अशा वस्तूंमधून. त्या तापतात. आणि हेडलाइट, हॉर्न यांची परतीची वाट थेट बॉडीतून, त्या पट्टीशी त्यांचा संबंधच नाही, म्हणून ते सगळे मजेत.

मग अंकलच्या केबलने गाडी का चालू झाली नाही, तेही कळलं. त्यांनी काळा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला होता. दुसऱ्याच्या बॅटरीचा करंटही त्याच मोडक्या पुलावरून जाणार. खरं तर शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला लावायचा असतो. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून ती बॅटरीपासून लांब उडालेली बरी. त्यांनी सुरक्षेसाठी जरी हे केलं असतं, तरी गाडी ऑक्टोबरमध्येच चालू झाली असती. भंगारवाला आला नसता.

अंकलची केबल मागून आणली. एक चिमटा मायनसला, दुसरा इंजिनला. म्हणजे तात्पुरती पट्टी. "मावशी, आता लाव."

घर्र घर्र घर्र. तीन महिन्यांचं शिळं पेट्रोल, पहिल्यांदा पेटलं नाही. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा लागली. मागून पांढरा धूर, गल्लीत आवाज, आणि मावशी आत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसलेली. मी तिला बंद कर अशी खूण करत होते. ती करत नव्हती. मला वाटलं ऐकू येत नाही. ऐकू येत होतं.

पट्टी काढली तेव्हा तिचं हाडच उरलं होतं. विणलेल्या तांब्याच्या तारा बहुतेक तुटलेल्या, बोल्टपाशी हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखा थर. बोल्ट इतका गंजलेला की निघेपर्यंत अंधार पडला. आधी बॅटरीची मायनस सोडायची, लावताना ती सगळ्यात शेवटी, एवढं पप्पांनी तीनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी थाटीपूरच्या इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही टोकांना लग दाबलेली जाड वायर करून आणली, दीडशे रुपये. बसायची जागा पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला. मग मीटर लावला. ०.१.

मिस्त्री रस्त्यात भेटला, त्याला सांगितलं. त्याने खांदे उडवले. माझा त्याच्यावर राग नाही. वीस वर्षं जुन्या गाडीचा सेल्फ जातोच, दहातल्या काही वेळा तो बरोबरही असेल. त्याने फक्त मोजलं नाही.

पण मोजलं नाही असं म्हणताना मला माझीच लाज वाटते, त्याचं कारण सांगते. ते दीडशे रुपये वहीत लिहावेत म्हणून मी वही उघडली, आणि मागचं पान चाळताना जुलै २०२२ ची एक ओळ दिसली : "सेल्फ उचलत नव्हता. अर्थ पट्टी घासली. ठीक. बदलायला हवी." काळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात. हे पान मी पहिल्या रात्री वाचलं होतं. याच्याच खाली "चर्च" आहे, ते मला आठवत होतं, त्यावर मी हळवीसुद्धा झाले होते. वरची ओळ मी सोडली होती. त्यात मला काही वाचण्यासारखं वाटलं नव्हतं. आख्खं उत्तर त्या माणसाने लिहून ठेवलं होतं आणि मी त्याच्या वहीत स्वतःला हवा तो माणूस शोधत होते.

मावशीला ती ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "बदलायला हवी, बदलायला हवी, सगळ्यालाच म्हणायचे. नळ पण तसाच आहे." मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून, "तारीख काय आहे गं?"

२४ तारखेच्या रात्री आम्ही मुरारला गेलो. पाच लिटर ताजं पेट्रोल भरलं होतं. धुकं असं की बोनेटपुढे काही दिसत नव्हतं. मी दुसऱ्या गिअरवर, मावशी डावीकडे बसून "आता वळण, आता वळण" सांगत. तिला तो रस्ता डाव्या काचेतून पाठ होता. मिस्सा हिंदीत होता, गाणी ओळखीच्या चालींची, शब्द वेगळे. मी आत बसले. मध्ये एकदा मला उगाच वाटून गेलं, गाडीत कोणी नाही. मावशीनेही मागे वळून दाराकडे पाहिलं. गारवा येत होता, दार लावायला असेल.

परतताना तिने माझ्या हातातून किल्ली घेतली. "थांब, मी लावते." उजवीकडून चढली, क्लच दाबला, किल्ली फिरवली. एका झटक्यात लागली. मग उतरून, गाडीला पुढून वळसा घालून, डावीकडे आपल्या जागेवर येऊन बसली. "चल."

पप्पांनी सांगून ठेवलं होतं की नवी वायर बसली की पंधरा दिवसांनी बोल्ट पुन्हा आवळायचा, तो सैल होतो. मी तोवर मुंबईत परतले होते. जानेवारीत एका दुपारी लेक्चर चालू असताना घरच्या ग्रुपवर मावशीचा फोटो आला. बोनेट उघडं, पट्टीच्या बोल्टवर पाना लावलेला, कडेला तिच्या शालीचा कोपरा. खाली एकच शब्द : "आवळला."

पप्पांनी लगेच लिहिलं, "ताई, फार पण नको. चुरी जाईल."